रिग्ली फील्डला पहिल्यांदा जाताना

शिकागो कब्ज संघाच्या या बेसबॉल मैदानावर एप्रिलमध्ये जाऊ नकोस. शिकागोचा वारा हाडं गोठवतो, आणि मैदानाच्या भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलीच्या तेव्हा नुसत्या काड्या असतात. जूनमधली दुपारची मॅच धर. १९१४ सालचं हे मैदान, १९८८ पर्यंत इथे दिवेच नव्हते. त्याचा खरा तोरा उन्हातच. गाडी नको, रेड लाइन ट्रेनने ॲडिसन स्टेशनला उतर.

चेंडू वेलीत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो. पंचांनी मानलं, तर फलंदाजाला दोन बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे). तोच फील्डर चेंडू उकरायला गेला, तर खेळ चालूच! (हे कळलं की भिंतीकडेच नजर लागते.) स्कोअरकार्ड पेन्सिलीने भर, गिचमिड झालं तरी होऊ दे. कब्जचा कट्टर प्रतिस्पर्धी सेंट लुईस, त्यांची लाल टोपी मात्र घरी ठेव.