साडेसाती, की पाण्यात अडकलेली हवा?

प्रश्न : मी सांगलीचा, हळदीच्या व्यापारात आहे. हौस म्हणून जुनी मारुती एस्टीम गाडी रेससाठी तयार केली. मागच्या महिन्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो आणि सगळंच उलटं पडलं. निघायच्या आदल्या रात्री हेड पॅकिंग (इंजिनच्या वरच्या भागाखालची, म्हणजे हेडखालची सीलची पट्टी) गेल्याचं कळलं, ते घाईत बदललं. चित्रदुर्गजवळ टेम्पोचा टायर फुटला, पहाटे पोचलो. शुक्रवारच्या सरावात टेंपरेचरचा काटा निम्म्यावर होता, मग एकदम खाली आला आणि दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ! थंड करून, पाणी भरून पुन्हा उतरलो तर बेल्ट किंचाळायला लागला, बॅटरीचा दिवा लागला. श्रीपेरुंबुदूरहून नवीन बॅटरी आणली. शनिवारी क्वालिफायिंगमध्ये (रेसमधली सुटण्याची जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) गाडी पाच हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) वर मिसिंग करत होती, म्हणजे मधूनमधून झटके देत होती. प्लग बदलले, प्लगला ठिणगी देणारी कॉइल उसनी आणून लावून पाहिली, फरक शून्य. शेवटच्या रांगेतून सुटलो आणि पहिल्याच वळणावर समोरची गाडी गरकन फिरून माझ्या डाव्या चाकावर आली. चाक धरून ठेवणारा लोअर आर्म वाकला, रविवारची रेस गेली. घरचे म्हणतात साडेसाती आहे, हा नाद सोड. मित्र म्हणतात इंजिनच बदल. काय करू? (रेडिएटरमधलं जादा पाणी जमणारा ओव्हरफ्लोचा डबा मी बेल्टच्या वरच्या बाजूला बसवलाय. तिथे हिरवे शिंतोडे दिसले, त्याचा काही संबंध असेल का?)

उत्तर : संबंध आहे. तुम्ही कंसात टाकलेली ती ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इंजिन लगेच बदलू नका आणि रेसिंग तर मुळीच सोडू नका. टेम्पोचा टायर आणि पहिल्या वळणावरची धडक या दोन गोष्टी नशिबाच्या. मधलं सगळं माझ्या मते एकच दुखणं आहे आणि ते सांगलीहून निघतानाच गाडीत होतं. तुम्ही दर वेळी समोर दिसेल त्याच्यावर इलाज केलात. ट्रॅकवर पुढच्या सेशनची शिट्टी वाजत असताना दुसरं कोणी काय करणार? पण आता घरी वेळ आहे, तर धागा मागे मागे नेऊ.

काट्यापासून सुरू करतो. इंजिन तापत असताना काटा खाली का आला? टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. त्याच्याभोवती पाण्याऐवजी वाफ किंवा हवा आली की तो तापमान कमी दाखवतो. उद्यमनगरात आयुष्यभर हेड उघडण्याचं काम केलंय, म्हणून ठामपणे सांगतो : चालत्या रेसमध्ये काटा एकदम पडला तर ती थंडाई समजू नका, गाडी ताबडतोब बाजूला घ्या. चढणाऱ्या काट्यापेक्षा पडणारा काटा जास्त घातक.

हवा आली कुठून? रात्री पॅकिंग बदललं म्हणजे सगळं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) काढून पुन्हा भरलं. भरताना आतली हवा बाहेर काढावी लागते आणि घाईत नेमकं तेच राहतं. रेसच्या गाडीत आपण वजन कमी करायला हीटर काढतो आणि त्याचे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून टाकतो. तुम्हीही तसंच केलं असेल, तर तो जोड रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच आहे का ते बघा. असला तर हवा तिथे मुक्कामाला राहते. गाडी हळू चालवली तर काही कळत नाही. चेन्नईच्या उन्हात पूर्ण ॲक्सिलरेटरवर दोन फेऱ्या मारल्या की तो बुडबुडा सरकून हेडमध्ये येतो, तिथलं पाणी तुटतं आणि ॲल्युमिनियमचं हेड जागच्या जागी भाजतं.

एकदा असं भाजल्यावर हेड सपाट राहिलं असेल यावर माझा विश्वास नाही. केसभर बाक आला तरी सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसायला लागतो. रेडिएटरचं झाकण स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. पण गॅसचा दाब त्याहून वर गेला की झाकण उचललं जातं आणि कूलंट ओव्हरफ्लोच्या डब्यात येतं. डबा भरला की बाहेर. आणि डबा तुम्ही बसवलाय बेल्टच्या वर.

कूलंट बेल्टवर सांडलं की बेल्ट घसरणार. तोच तुमचा किंचाळण्याचा आवाज. बेल्ट घसरला म्हणून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नीट फिरला नाही, म्हणून दिवा लागला. नवीन बॅटरीने शुक्रवारची संध्याकाळ निभावली, पण चार्जिंगच नसेल तर पंखा, पेट्रोल पंप, इग्निशन सगळे तिलाच खातात. व्होल्टेज पडलं की पंपाचा दाब पडतो आणि कॉइल पुरती चार्ज होत नाही. आरपीएम वाढेल तसा कॉइलला मिळणारा वेळ कमी होतो, म्हणून पाच हजारापर्यंत गाडी ठीक आणि वर मिसिंग. उसन्या कॉइलने फरक पडला नाही कारण तिलाही तेवढंच व्होल्टेज मिळत होतं. शिवाय पंखाही मंद, म्हणजे गाडी आणखी गरम. इथून पुढे हे चक्र आपोआप फिरत राहतं.

तुम्ही एकटे नाही. २०१६ च्या फ्रान्समधल्या ल मॉं चोवीस तासांच्या शर्यतीत टोयोटाची पाच नंबरची गाडी पहिली होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना तिची ताकद गेली आणि पोर्शे जिंकली. टोयोटाने नंतर कारण सांगितलं : टर्बो आणि इंटरकूलरच्या मधल्या हवेच्या पाईपचा जोड. केवढी मोठी कंपनी, केवढा फौजफाटा, आणि शेवटी एका पाईपचा जोड! त्यांनी तो शोधला आणि पुन्हा आले. २०१८ साली तीच शर्यत त्यांनी जिंकली.

धडकेचं मात्र मी कारण शोधणार नाही. मागच्या रांगेत गर्दी असते हे खरं, पण दुसऱ्या रांगेतल्या गाडीलाही कोणी येऊन ठोकू शकतं. न्यूझीलंडचा रेसर ख्रिस ॲमन तर कमनशिबी म्हणूनच ओळखला जायचा. १९७१ मध्ये मोंझाला पुढे असताना हेल्मेटची काच निघून गेली, १९७२ मध्ये फ्रान्समध्ये पुढे असताना पंक्चर. फॉर्म्युला वनची एकही अजिंक्यपदाची रेस त्याला जिंकता आली नाही. तरी तो स्वतःला कमनशिबी मानायचा नाही, कारण त्याच्या बरोबरीचे किती जण ट्रॅकवर जिवानिशी गेले आणि तो घरी आला. तुमच्या घरच्यांना हे जरूर सांगा. त्यांची काळजी खरी आहे. गाडी पाठवताना नारळ फोडायचा तर फोडा, मीही फोडतो.

आता कामाचं. हेड उतरवा. त्यावर स्ट्रेट एज (अगदी सरळ धारेची पट्टी) उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठे शिरत असेल तर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करावं लागेल. पण फेसिंगने कॉम्प्रेशन वाढतं, म्हणून आधी तुमच्या गटाच्या नियमात किती चालतं ते बघा, नाहीतर तपासणीत अडकाल. पॅकिंग नवीन, बोल्टचे आटे स्वच्छ, आणि टॉर्क रेंचने मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने कसा. हातच्या अंदाजाने कसणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी या कामाला नको.

कूलंट भरताना गाडीचं तोंड उंच करा, झाकण उघडं ठेवा, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह) आपोआप उघडून रेडिएटरचा वरचा पाईप गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत भरत राहा. हीटरच्या जोडावर हवा काढायचा एक छोटा स्क्रू बसवून घ्या. डबा बेल्टपासून लांब, चाकाच्या बाजूला न्या. बेल्ट नवीनच टाका, कूलंट प्यायलेला पुसून वापरू नका. मग इंजिन चालू, पंखा आणि दिवे लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा : १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. हे सगळं ठीक झाल्यावरही मिसिंग राहिलं, तरच मित्रांचं ऐकून पुढे बघू.

वाकलेला लोअर आर्म तापवून सरळ करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, नवीन घ्या. धडक चाकावर आहे, म्हणून स्टिअरिंग रॅकचा रबरी बूट सरकवून आतला दांडा फिरवून बघा, हब आणि बेअरिंगही तपासा. डोकं कुठे आपटलं असेल तर हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसो, ते बदला. सीटबेल्टची शिवण आणि जिथे तो बॉडीला बसवलाय तो बोल्टही पाहा. हेड उतरवल्यावर पॅकिंगचा फोटो मला पाठवा. कुठल्या दोन सिलिंडरच्या मध्ये काळं झालंय त्यावरून बरंच सांगता येईल.