कोरलड्रॉ व्हेक्टर सॉफ्टवेअर आहे, मग त्यात टाकलेला जेपीजी लोगो मोठा केल्यावर का फुटतो? ट्रेस करून टाकावा का?

फुटणारच. जेपीजी म्हणजे पिक्सेलचं, रंगीत चौकटींचं चित्र; मोठं केलं की चौकटी दिसायला लागतात. व्हेक्टर म्हणजे रेषांच्या गणितावर बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं. कोरलमध्ये टाकला म्हणून जेपीजी व्हेक्टर होत नाही. हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी एका माणसाला सांगितलं होतं आणि त्यापायी माझा अर्धा पगार गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा मी सांगलीत एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होतो. एका पतसंस्थेची पाच हजार लेटरहेडं छापायची होती. लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, २०० बाय २०० पिक्सेल, आणि हवा होता २ इंच. म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. मी म्हटलं, शेठ, पार्टीकडून मूळ फाइल मागवू. शेठनी मला खुर्चीवरून उठवलं, लोगो सिलेक्ट केला, कन्व्हर्ट टू बिटमॅप (म्हणजे पिक्सेलचं चित्र), ३००, ओके. खाली स्टेटस बारवर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. "बघ, झाला का नाही तीनशे?"

झाला की! प्रत्येक बाजूला २०० पिक्सेलचे ६०० झाले. पण वरचे ४०० आले कुठून? शेजारपाजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. तपशील होता तेवढाच राहिला, फक्त आकडा फुगला.

माल छापून झाल्यावर मशीनमनने भिंग माझ्या हातात दिलं. पत्त्याची ओळ मी कोरलमध्येच टाइप केलेली, तिच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. त्याच कागदावर लोगोतलं संस्थेचं नाव मात्र ठिपक्या-ठिपक्यांचं, काळ्याच्या जागी चारही शाईंचा चिखल, 'स्था'च्या पोटातली जागा बुजलेली. छपाईची प्लेट २४०० डीपीआयला निघते. कर्व्हमधलं, म्हणजे व्हेक्टर, अक्षर त्या बारकाईने उतरतं, फोटोतलं अक्षर जाळीचे ठिपके होऊन उतरतं. त्यामुळे खरेखुरे ३०० असले तरी लोगोतली अक्षरं जेपीजीत ठेवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पतसंस्थेने माल परत पाठवला. कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. का, तर फाइल माझ्या कॉम्प्युटरवरून गेली होती.

राहिला ट्रेस, म्हणजे जेपीजीवरून कोरलकडून आपोआप व्हेक्टर काढून घेणं. ट्रेस मारणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. एवढ्याशा जेपीजीवर ट्रेस मारलात की शिरोरेषा लाटांसारखी हलते आणि एका वर्तुळाला शंभर नोड (रेषेवरचे बिंदू) येतात. जेपीजी खाली लॉक करा, वरून बेझिअरने (वळणदार रेषा काढायच्या टूलने) ओढा, नाव नव्याने टाइप करा. साधा लोगो अर्ध्या तासात होतो. अध्यक्षांचा फोटो मात्र बिटमॅपच राहणार, तो सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) करून खऱ्या मापाला ३०० ठेवा. पॉवरक्लिप केलात, म्हणजे फोटो एखाद्या आकाराच्या आत बसवलात, तर लक्षात ठेवा, फोटो कापला जात नाही, नुसता झाकला जातो. फाइल जड ती जडच.

हे सगळं ऑफसेटपुरतं हं. फ्लेक्सवाल्यांनी शिव्या देऊ नयेत, १० बाय ८ फुटांच्या बॅनरला ७२ डीपीआयसुद्धा पुरतात, तो लांबून बघायचा असतो. आणि पार्टीने सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, दिली म्हणून हुरळून जाऊ नका, पुष्कळदा आत जेपीजीच चिकटवलेला असतो. क्लिक करून स्टेटस बार बघा.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. मागच्या महिन्यात त्याच प्रेसमधून एक काम आलं, लोगो जेपीजी. मी मूळ फाइल मागितली. शेठचा निरोप आला, "तीनशेला कन्व्हर्ट करून घे."