घरमालक आम्ही घरी नसताना स्वतःच्या किल्लीने आत येतात. त्यांना तसा हक्क आहे का?

नाही. घर त्यांचं आहे, ते अधूनमधून बघायचा हक्कही त्यांना आहे, पण न सांगता कुलूप उघडून आत यायचा नाही.

मी पुण्यात लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचे, करार नोंदवून द्यायचं काम करतो, त्यामुळे असल्या तक्रारी दोन्ही बाजूंनी कानावर येतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलेलं असं: कर्वेनगरात बंगल्याचा तळमजला, तुम्ही तिघी मैत्रिणी, वरच्या मजल्यावर मालक काका-काकू. काका कधी गीझर चालू राहिला म्हणून, कधी मोटर बघायची म्हणून येऊन जातात. मागच्या आठवड्यात तर नाइट शिफ्ट करून आलेली तुमची मैत्रीण आत झोपलेली असताना त्यांनी दार उघडलं. विचारलं तर उत्तर काय, "माझंच घर आहे, करारात ताबाही माझाच लिहिलाय." त्यात आता दारासमोर कॅमेरा बसवलाय. आणि तुम्हाला भांडण नकोय, कारण डिपॉझिट त्यांच्याकडे आहे.

आधी कायद्याचं उरकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम २८ याच विषयावर आहे आणि जेमतेम एका वाक्याचं आहे. मालकाला जागा पाहायचा अधिकार आहे, मात्र वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. हे कलम भाडेकरूला लागू आहे तसंच लायसन्सवर राहणाऱ्यालाही आहे, त्यात तसा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे "तू भाडेकरू नाहीस, लायसेन्सी आहेस" असं म्हणून काकांना यातून सुटता येत नाही. शिवाय तुमचा करार काढून बघा. आमच्याकडे होणाऱ्या बहुतेक करारांत 'इन्स्पेक्शन' नावाचं एक कलम असतं आणि तिथेही पूर्वसूचनेची अट असते. ते कलम कुणी वाचत नाही. थंब, म्हणजे नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा, घ्यायला आम्ही मशीन घेऊन घरी जातो तेव्हा मालक फक्त डिपॉझिटचा आकडा बघतो आणि राहणारा लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा ते विचारतो. बाकी सगळा वेळ काकूंचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून तो पदराला पुसून पुन्हा पुन्हा ठेवण्यात जातो.

ताब्याचं मात्र काका अगदीच हवेत बोलत नाहीयेत. लायसन्स म्हणजे काय हे ठरतं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यावरून. त्यात जागेत कुठलाही हक्क तुमच्याकडे येत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. कायद्याच्या भाषेत ताबा मालकाकडेच राहतो, आणि करारातही तसंच लिहितात. पण तो ताबा कशासाठी लिहिलेला असतो? उद्या तुम्ही "मी इथली कायमची भाडेकरू" असा दावा करू नये यासाठी. मुदत चालू असताना तुमच्या कपाटासमोर येऊन उभं राहण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तशी मिळत असती तर कलम २८ मध्ये लायसेन्सीला आधी सूचना द्या असं लिहिण्याचं कारणच नव्हतं.

आता थोडं काकांच्या बाजूने बोलतो, कारण ते समजून घेतलं तर तुमचं काम सोपं होईल. काका साठी-सत्तरीचे असतील तर त्यांनी त्यांच्या घरात काय ऐकलं असेल याची मला चांगली कल्पना आहे. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्याखाली एकदा घरात आलेला भाडेकरू निघणं महाकठीण झालं, भाडी गोठली आणि वाडेच्या वाडे दोन-चार पिढ्या तशाच भाड्यावर राहिले. मग मालकांनी पळवाट काढली: भाड्याने द्यायचंच नाही, 'लायसन्स'वर द्यायचं. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. म्हणजे ज्याने सावधगिरी म्हणून कागद केला, त्याच्याही हातून घर गेलं. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत अजून सांगितली जाते. मावशीचा दादरचा ब्लॉक, आत्याचा नारायण पेठेतला वाडा, अशी उदाहरणं प्रत्येकाकडे असतात. "एक किल्ली आपल्याकडे असू दे" ही सवय तिथून आलीय.

पण ती भीती आता जुनी झाली. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ सरळ मालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपली की लायसेन्सीने निघायचं, नाही निघाला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि राहील तितका काळ दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं. लेखी करार हाच तिथे पुरावा. हे मी मालकांना सांगतो तेव्हा निम्म्या लोकांचे खांदे खाली येतात. तुम्हीही बोलण्याच्या ओघात सांगून बघा.

इथे एक गोष्ट तपासा. तुमचा करार नोंदवलेला आहे का? नुसता नोटरी केलेला कागद असेल तर कलम ५५ प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी होती, आणि ती न केल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याच कलमात असंही आहे की नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. धमकी म्हणून हे वापरू नका, पण आपली बाजू किती भक्कम आहे ते माहीत असलेलं बरं.

आता करायचं काय. तोंडी बोलून झालंय, तर आता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. साध्या शब्दांत, कायद्याचं कलम न फेकता. मी असं लिहिलं असतं:

"काका, नमस्कार. मागच्या आठवड्यात तुम्ही दार उघडलंत तेव्हा आमच्यातली एक जण झोपलेली होती, ती फार घाबरली. यापुढे घरात काही बघायचं असेल तर आदल्या दिवशी फोन किंवा मेसेज करा, आमच्यापैकी कुणीतरी घरी थांबेल. पाणी गळतंय, गॅसचा वास येतोय असं तातडीचं असेल तर कधीही फोन करा. आपल्या करारातही आधी कळवून यायचं असंच ठरलंय."

शेवटचं वाक्य करारात तसं कलम असेल तरच ठेवा. यात त्यांना येऊ नका असं तुम्ही कुठेच म्हणत नाही. फक्त कळवून या म्हणताय. समजूतदार माणूस याला नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणाला तर तेही तुमच्याकडे लेखी राहील. "ठीक आहे" एवढं उत्तर आलं तरी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसरं, लॅच. दाराला लॅच असेल तर किल्लीवाला बहुतेक वेळा आतला सिलिंडर तेवढा बदलून देतो, अख्खं कुलूप काढावं लागत नाही. पण हे चोरून करू नका. काकांना सांगून करा, जुना सिलिंडर जपून ठेवा आणि सोडताना परत बसवून द्या. मग ते म्हणतील, "आग लागली, पाइप फुटला तर मी काय करू?" हा प्रश्न बरोबर आहे. टेरेसच्या टाकीचं पाणी खाली झिरपायला लागलं की तळमजल्याची किल्ली हातात हवीच. त्यावर सिंहगड रोडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या जोडप्याने काढलेला तोडगा मला फार आवडला होता. नवी किल्ली एका पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, चिकटवलेल्या जागेवर दोघांनी आडव्या सह्या केल्या, वर सेलोटेप. पाकीट मालकांच्या कपाटात. फोडायची वेळ आलीच तर फोन करून फोडायचं. करार संपला तेव्हा ते पाकीट जसंच्या तसं परत आलं. मी तेव्हापासून हे बऱ्याच जणांना सुचवतो. मालकालाही किल्ली आपल्याकडे आहे याचं समाधान, आणि उगाच डोकावायचा मोह झाला तरी सह्या आडव्या येतात.

दिवसा झोपणाऱ्या मैत्रिणीने आतून कडी लावायची, हे सांगायला नकोच.

आणि एक उलटं काम करा. दोन-तीन महिन्यांनी तुम्हीच त्यांना बोलवा. "काका, रविवारी सकाळी चहाला या, बाथरूमच्या भिंतीला ओल दिसतेय ती पण बघून जा." माझा अनुभव असा की बघायला मिळत नाही म्हणूनच बरेचसे मालक चोरून बघतात. गीझर खरंच तीन वेळा चालू राहिला असेल तर तेवढं मान्य करा आणि टायमर लावून टाका. बिल तुमचं असलं तरी वायरिंग त्यांचं आहे.

कॅमेऱ्याचं उत्तर तो कुठे वळलाय यावर आहे. फाटक, जिना, पार्किंग दिसत असेल तर ते त्यांचंही घर आहे, हरकत घेऊन उपयोग नाही. दार उघडल्यावर तुमचा हॉल त्यात दिसत असेल तर वळवायला सांगा. मोबाइलवर काय दिसतं ते दाखवा म्हणायलाही हरकत नाही. घराच्या आत मात्र कुठल्याही कारणाने कॅमेरा चालणार नाही. स्त्रीला खाजगी क्षणी पाहणं किंवा चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तिथे मालकीचा प्रश्न येतच नाही.

पाहुण्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. "काल कोण आलं होतं?" हा प्रश्न काका-काकू विचारणारच, वर-खाली राहताना ते थांबत नाही. उत्तर देणं न देणं तुमच्यावर. करारात पाहुण्यांबद्दल काही अट नसेल तर दिवसा कुणी आलं-गेलं याचा हिशोब द्यायला तुम्ही बांधील नाही. मात्र कुणी आठ-पंधरा दिवस राहणार असेल तर आधी सांगा, करारात नावं तिघींचीच आहेत.

एवढं करूनही ते किल्ली घेऊन येतच राहिले तर? पोलिसांत जाता येतं. गृह-अतिक्रमण न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे, पण त्यात त्रास देण्याचा, धमकावण्याचा किंवा गुन्ह्याचा हेतू दाखवावा लागतो. गीझर बंद करायला आलो म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबाबत चौकीत बहुधा दोघांना समोर बसवून समज देतात, त्यापुढे जात नाही. समज मिळाल्यावर वर-खाली राहणं किती अवघड होतं त्याचाही विचार करा. मैत्रीण झोपली असताना आले त्या वेळी ते मुद्दाम आत रेंगाळले, तिच्या खोलीपर्यंत गेले, असं काही असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि ११२ ला फोन करा. कोर्टातून मनाई हुकूमही मिळू शकतो, पण अकरा महिन्यांच्या घरासाठी वकिलाची फी भरण्यापेक्षा मी दुसरं घर बघेन. लॉक-इन संपलाय का पाहा, करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्या, आणि शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं आत्ताच लिहून ठरवा. नोटीस देण्याच्या दिवशी घराचे फोटो काढून ठेवा, भिंती, नळ, गादीखालची फरशी, सगळं.

तुम्हाला कुणीतरी "चोवीस तास आधी नोटीस हवी" असा फॉरवर्ड पाठवलाय. तो २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. त्यात किमान चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कळवायचं असं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. काकांपुढे तो फॉरवर्ड नाचवू नका, त्यांच्या ओळखीचा एखादा वकील दोन मिनिटांत तो खोडून काढेल. चोवीस तासांची अट तुम्हाला हवी असेल तर ती करारात घाला. अकरा महिने भरत आले की रिन्यूअल होईल. तेव्हा एजंटला सांगा, "ड्राफ्टची पीडीएफ आधी पाठवा, थंब नंतर." इन्स्पेक्शनच्या कलमात 'वाजवी सूचना' असेल तिथे 'किमान २४ तास आधी फोन किंवा मेसेजने, राहणाऱ्यांपैकी एक जण हजर असताना' एवढं बदलून घ्या. एजंट कुरकुरेल, कारण त्याचा फॉरमॅट ठरलेला असतो. इतर अटींच्या रकान्यात ते टाकता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, असं त्याला सांगा.