आधी पायी उतर

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तू रडते आहेस की वारा आहे तेच कळेना. दुसऱ्यांदा कळलं की बाईसाहेब बायपासवर सायकल चालवता चालवता बोलताहेत. पुन्हा असं केलंस तर उत्तर मिळणार नाही.

आता तुझे प्रश्न. बीएमएक्स, म्हणजे ती वीस इंची चाकांची छोट्या ट्रॅकवरची शर्यत, सोडून माउंटन बाइक धरू का? आणि ते प्रायोजक फुकट फ्रेम देतो म्हणतात, ती घेऊ का? बाबा जेईई दे म्हणतात, तो प्रश्न तू विचारला नाहीस, पण आवाजात तोच जास्त होता. तू मेहनती आहेस, करशील, असलं काही मी लिहिणार नाही. तुझ्या तळहातावरचे घट्टे मी पाहिले आहेत, तेवढं पुरे.

मला एकच गोष्ट नीट येते, तीच सांगतो. ज्या ट्रॅकवर उतरायचं, तो आधी पायी उतरायचा.

इंदूरजवळच्या चोरलकडच्या उतारावर तू काय केलंस आठव. गाडीतून सायकल काढलीस, हेल्मेट चढवलं आणि सुटलीस. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक गेलं आणि वर येऊन म्हणालीस, "काका, टायरला ग्रिप नाही." टायरला काय धाड भरली होती? आपली माळव्याची काळी माती आहे ती. उन्हात तिला भेगा पडतात आणि पावसात ती टायरला, फोर्कला अशी चिकटते की चाक फिरेनासं होतं. त्या वळणावर वर सुकलेली पापडी होती आणि खाली ओल. बुटाची टाच दाबली असतीस तरी कळलं असतं.

आणि नुसतं खाली चालत जायचं नाही, परत वरही चालत यायचं. वरून उडीचं तोंड दिसतं. उतरायची जागा दिसते ती खालून. वळणाच्या अलीकडे सगळ्यांनी ब्रेक मारून मारून जमिनीला लाटा पडलेल्या असतात, त्या पायाला लागतात. त्या सुरू व्हायच्या आधी तुझा ब्रेक मारून झाला पाहिजे. हे सीटवर बसून समजत नाही. समजतं तोवर तू लाटांवर असतेस आणि हँडल हातात नाचत असतं.

बीएमएक्सला हे लागत नाही असं तुला वाटतं, कारण ट्रॅक डोळ्यांसमोर असतो. मोठ्या स्पर्धेत सुरुवातीला आठ मीटरची टेकडी, गेटवर आठ जणी आणि चाळीस सेकंदांच्या आसपास सगळा खेळ खलास. "रायडर्स रेडी, वॉच द गेट" झालं की गेट किती वेळानं पडेल ते यंत्र ठरवतं, दर वेळी वेगळं. त्यानंतर विचार करायला जागा कुठे आहे? तो चालताना करून ठेवायचा असतो.

2008 साली बीएमएक्स पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं. बीजिंगची ती महिलांची फायनल शोधून बघ. ब्रिटनची शनेझ रीड दुसरी होती. शेवटच्या वळणावर ती पुढचीला गाठायला गेली, चाकाला चाक लागलं आणि पडली. रुपेरी पदक हातातून गेलं. ती धाडसी होती म्हणून तुम्हा मुलांना ती आवडते, मलाही आवडते. पण तिच्या पुढे कोण होती ते बघ. फ्रान्सची अ‍ॅन-कॅरोलिन शॉसाँ. लहानपणी बीएमएक्स, मग डाउनहिलमध्ये, म्हणजे माउंटन बाइकच्या उताराच्या शर्यतीत, वर्षानुवर्षं जगज्जेती आणि तिशीत परत वीस इंची चाकावर येऊन सुवर्ण. बीएमएक्स की माउंटन बाइक, हा प्रश्नच तिनं निकालात काढला आहे. तिसरी आलेली अमेरिकेची जिल किंटनरही तशीच. बीएमएक्समधून फोर-क्रॉसमध्ये, म्हणजे माउंटन बाइकवर चौघींनी एकदम उतारावर सुटायच्या शर्यतीत, गेली, 2005 ते 2007 सलग तीन वर्षं विश्वविजेती झाली.

आणि आता ते फोर-क्रॉस कुठे आहे? 2002 मध्ये ड्युअल स्लॅलमची, म्हणजे दोघांच्या शर्यतीची, जागा घेत आलं, 2011 नंतर वर्ल्ड कपमधून गेलं. तू मला विचारतेस कुठला प्रकार टिकेल. मी काय ज्योतिषी आहे? डाउनहिल तुला आवडतं, पण ऑलिम्पिकला माउंटन बाइकमध्ये फक्त चढउतारांची क्रॉस-कंट्री आहे, 1996 पासून. आपल्याकडे खेळाडूला पैसा देणारे आधी ऑलिम्पिकची यादी बघतात. हे सगळं चालून बघ. मैदानाचं चालणं आणि आयुष्याचं चालणं मला वेगळं करता येत नाही, करायचंही नाही.

पैशाचंही सांगतो. ब्रिटनच्या बीएमएक्सवाल्या बेथ श्रायव्हरचं नाव तुझ्या तोंडी असतं. 2016च्या रिओ ऑलिम्पिकनंतर ब्रिटनमध्ये महिलांच्या बीएमएक्सचा निधी बंद झाला, तेव्हा ती लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करत होती आणि लोकांकडून वर्गणी मागून टोकियो ऑलिम्पिकला पोचली. सुवर्णपदकाचा फोटो तू भिंतीवर लावलास. वर्गणीचाही लाव. परीक्षा दे, कॉलेजला जा. सायकल त्यानं गंजत नाही.

आता कुणीतरी तुला सांगितलंच असेल: काकाचं काय ऐकतेस, काका स्वतः उतरला नव्हता.

खरं आहे, नाही उतरलो. राज्याच्या निवडीची शर्यत होती, आदल्या रात्री पाऊस झाला होता. पहाटे पायी उतरलो तर मोठ्या उडीच्या पलीकडची माती वाहून गेलेली आणि खडकाची धार उघडी. आयोजकांना हाताला धरून दाखवायला नेत होतो, ते आले नाहीत. "अरे भिया, छोड़ो ना, सब उतर रहे हैं." मी नंबरची पाटी काढून टेबलावर ठेवली. बाकीचे सगळे उतरले आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे मला आजही लग्नाकार्यात ऐकवतात. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. परदेशातला एकही ट्रॅक पायाखालून गेला नाही, आणि रात्री जागा असलो की ते सलतं. पण कुणी पडलं नाही म्हणून तिथे धार नव्हती असं होत नाही! मी ती बघितली होती. त्यावर हात ठेवला होता. तेव्हाही बरोबर होतो, आजही आहे.

असो. तुझं पत्र आहे, माझं नाही.

पायी उतर म्हणजे घाबर असं समजू नकोस. उलट ज्याला उतरायची रेषा पाठ असते तो ब्रेक कमी मारतो. घाबरट म्हणशील तर न बघता सुटणारा, कारण दर वळणाला त्याचं बोट लिव्हरवर असतं. पॅरिस ऑलिम्पिकला बीएमएक्समध्ये जिंकलेली ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा टोकियोच्या सेमीफायनलमध्ये पडली होती. त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी तिच्या भावाला शर्यतीत पडून डोक्याला जबर मार लागला होता. ती परत गेटवर आली ती काही न बघता आली नसणार.

फ्रेमचं राहिलं. कागदावर सही करू नकोस. महिन्याला किती रील, पडलीस तर दवाखान्याचं कोण बघणार, दुसऱ्याची सायकल चालवायची मुभा आहे का, आणि फ्रेम परत करायची की तुझी, हे लिहून आण. "फुकट" म्हणजे काय ते त्या कागदाच्या मागच्या पानावर असतं. तुझा 44–16 दातांच्या चक्रांचा सेट आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, त्या फ्रेमला बसतो का तेही विचार, नाहीतर उरलेलं सगळं तुझ्या खिशातून जाईल.

रविवारी सकाळी सहाला चोरलला जाऊ. सायकल आणायची नाही, बूट आण. पोहे मी आणतो. बाबांना म्हणावं काकांशी बोला, पण दुपारी दोन ते चार फोन करू नका, मी झोपलेला असतो.

तुझा,
काका