उन्हाळ्यात रोज पाणी घातल्यास माडाचं रोप लवकर वाढतं का? (डिचोलीत अंगणात लावलेली, दोन वर्षांची रोपं)

पाण्याने वाढ नक्की होते, पण रोज तांब्याभर शिंपण्याने नव्हे. दर चार दिवसांनी प्रत्येक रोपाला सुमारे ४५ लिटर पाणी आळ्यात सावकाश सोडा. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची लहान रोपांसाठी हीच शिफारस आहे. कारण सरळ आहे. माडाला एकच शेंडा, सगळी वाढ तिथूनच. ऊन गोव्यात मुबलक. डिसेंबर ते मे पाऊस जवळपास नसतो, म्हणून वाढ अडते ती पाण्यावाचून. वरवर शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि मुळं वरच्या वरच राहतात. बुंध्याभोवती चुडतं (माडाच्या झावळ्या) किंवा सोडणं (नारळाची जाड सालं) पसरा, म्हणजे ओल टिकते. (सोडणं उपडी घालायची, नाहीतर वळवाचं पाणी साचून डास होतात.)

मात्र चार दिवस हा काही नियम नाही. किनाऱ्याच्या रेतीत पाणी लवकर द्यावं लागतं, खाजणाकडच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) चिकट मातीत उशिरा. तुमची जमीन जांभ्याची असेल तर वीतभर उकरून बघा. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.