आधी अटकेची तारीख

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुरुंगभेटीनंतर तीन रात्री झोप नाही, क्रिमिनॉलॉजीचं दुसरं वर्ष सोडून लॉला जावं का, आणि ‘आपण नक्की कुणाच्या बाजूचे?’ झोपेची मला चिंता नाही, ती येईल. बाजू मात्र अशी घरी बसून ठरत नसते गं. कागद हातात आला की नाव, कलम सगळं राहू दे. आधी अटकेची तारीख वाच.

स्वतंत्रपूरबद्दल तू भरभरून लिहिलंयस. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांना भिंतींशिवाय वसवलं, हे ऐकून तुझ्या वयात मीही भारावले होते. पण तिथे शिक्षा झालेलेच जातात. तू बराकीत पाहिलेस ते बहुतेक कच्चे कैदी, खटला अजून चालू असलेले. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चीच. ज्याचा गुन्हाच शाबीत झालेला नाही, त्याला कसलं सुधारतेस? त्याचे दिवस मोज. तेवढं तरी कर.

तुरुंगातल्या कामात माझ्याकडे चोरीच्या केसमधला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणणार? दर मंगळवारी विचारायचा, ‘मॅडम, माझी तारीख?’ मी कोर्टाची पुढची तारीख सांगायचे आणि शेजारच्याकडे वळायचे. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-अ प्रमाणे त्याच्या निम्मी, म्हणजे अठरा महिने भरले की त्याच्यासाठी सुटकेचा अर्ज जायला हवा होता. मी मोजलेच नाहीत. तेविसाव्या महिन्यात त्याने कंटाळून गुन्हा कबूल केला. भोगलेली कैद हीच शिक्षा धरून कोर्टाने सोडलं, आणि तो कायमचा शिक्का घेऊन बाहेर पडला. चोरी त्याने केली होती का, मला आजही माहीत नाही.

माझ्याकडे चारशे फायली होत्या. कोर्टात न्यायला गार्ड मिळत नसे. हे सगळं खरं आहे, आणि मी ते खूप जणांना ऐकवलंय. पण त्याच्या फायलीच्या पहिल्याच पानावर अटकेची तारीख होती. वजाबाकीला एक मिनिट लागलं असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी आधी दुसरं काही वाचलं नाही. सहकारी वैतागले तरी नाही.

आणि ज्याच्या घरी चोरी झाली, तोही तेवीस महिने निकालाची वाटच पाहत होता. दिवस मोजलेस तर दोघांचंही काम होतं. ‘कुणाच्या बाजूचे?’ याचं मिळालं उत्तर?

आता तर हिशेब सोपा झालाय. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागू आहे. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश पुरे. चोरीला एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ही सवलत नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून करायचा, असं कायदाच म्हणतो. पण अधीक्षकाच्या टेबलावर यादी कोण ठेवणार? वकील येतो वकीलपत्रावर सही झाल्यावर. ज्याला कुणीच नाही, त्याच्यापर्यंत तुझ्यासारखीनेच जायचं असतं. लॉ नंतर खुशाल कर. कवटीवरून गुन्हेगार ओळखू पाहणाऱ्या लोंब्रोसोची मापं परीक्षेपुरती पाठ कर. पण हे वर्ष सोडू नकोस.

पुढच्या भेटीला वही ने. चार रकाने आख: अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, आजवरचे दिवस. दिवाळीत येशील तेव्हा ती घेऊन ये. फराळ झाला की दोघी बसून वजाबाक्या तपासू.

तुझी,
बाई