ऑफिसात कुत्री आणू देणार? आधी एवढं कर

भावा, बेळगावात उद्यमबागेतल्या ऑफिसात स्टाफला कुत्री आणू देतोयस, चांगलं आहे, कर बिनधास्त. पण ज्याचं कुत्रं त्याचीच सगळी जबाबदारी असं धरून बसू नको, नवीन लोकं इथंच चुकतात. जागा तुझी, परवानगी तू दिलीस, म्हणून चावलं तर भरपाईचा दावा तुझ्यावरपण येऊ शकतो. कुत्र्याच्या मालकानं निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सुरुवातीला तीनच गोष्टी:
- रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आत घ्यायचं नाही.
- नियम लेखी, सही घेऊन, कन्नड आणि मराठी दोन्हीत.
- कुणाला भीती, अ‍ॅलर्जी आहे काय ते एकेकाला बाजूला घेऊन विचार, मीटिंगमध्ये साहेबासमोर कोण नाही म्हणणार?

चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, लगेच सिव्हिलला न्यायचं, किरकोळ ओरखडा असला तरी. विम्याची बारीक कलमं आत्ता नकोत, एजंटला फक्त लेखी विचार, आलेल्या गिऱ्हाईकाला चावलं तर पॉलिसीत बसतंय काय.